गिटारच्या पिकपला करवंटी, शिनाणे आणि लाख: कोणी करून बघितलंय का?

माडाखालचा | १२ एप्रिल

नमस्कार मंडळी.

आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या पिकपबद्दल हा धागा नाही. आधीच सांगून टाकतो, कारण घरात विषय काढला तेव्हा वडिलांनी पहिला प्रश्न केला, "मागच्या फाळक्यावर काय लिहिणार?"

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली ज्या लांबट डब्या असतात त्यांना पिकप म्हणतात. आत चुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, त्या गुंडाळीला कॉइल म्हणतात. वर पोलादी तार हलली की आत वीज उमटते आणि ती अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. माझ्याकडे स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची सेकंडहँड गिटार आहे, तीन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका कॉइलच्या पिकपवाली. मालवणात आमचा चौघांचा ग्रुप आहे. जत्रांतून आणि सीझनमध्ये तारकर्लीच्या हॉटेलांतून वाजवतो. गिटारला आवाज चांगला आहे, पण रूप नाही. पिकपची पांढरी प्लास्टिक कव्हरं चहाच्या गाळण्यासारखी पिवळी पडली आहेत.

नवीन कव्हरं ऑनलाइन मिळतात, स्वस्तही असतात. पण मग विचार आला की आपल्याच परसातलं काहीतरी लावावं. करवंटीचे तुकडे, शिनाण्यांच्या शिंपल्यांची आतली निळसर चकाकी, फणसाच्या लाकडाचा पातळ काप, सावंतवाडीच्या खेळण्यांवर असते तशी लाख. माझे प्रश्न:

यांनी आवाज बदलतो का? प्लास्टिकवर नीट चिकटतं का? आणि पावसाळ्यात टिकतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुण्या-मुंबईकडच्यांनी देऊ नये ही नम्र विनंती.

---

शेवटचीएसटी | १२ एप्रिल

मी खरंच बोलेरो समजून आलो होतो. आता आलोच आहे तर बसतो.

डोंबिवलीत राहत असल्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर मौन.

---

सोल्डरबुवा | १३ एप्रिल

प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. रत्नागिरीत तीस वर्षं अ‍ॅम्प आणि माइक दुरुस्त करतोय. पिकपही बरेच उघडले आहेत आणि तरुणपणी दोन कायमचे मारलेही आहेत.

पिकपला तुमची कला दिसत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात: तार किती अंतरावर आहे, आणि मध्ये धातू किंवा लोहचुंबकी काही आहे का. लाकूड, करवंटी, शिंपला, प्लास्टिक, रंग, लाख यांतून चुंबकीय क्षेत्र सरळ आरपार जातं. काही गिटारवाले शपथेवर सांगतात की लाकडी कव्हरने आवाज 'उबदार' होतो. होत नाही. झालाच असेल तर जाड लाकडामुळे पिकप खाली घ्यावा लागला आणि तार लांब गेली म्हणून झाला.

अंतर मात्र खरंच महत्त्वाचं. शेवटच्या पट्टीवर तार दाबून धरायची आणि तारेच्या खालच्या बाजूपासून पोलच्या (प्रत्येक तारेखाली कव्हरच्या भोकातून डोकावणाऱ्या चुंबकाच्या कांडीच्या) माथ्यापर्यंत मोजायचं. तुमच्यासारख्या जुन्या पद्धतीच्या पिकपला जाड तारेच्या बाजूला साधारण २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेच्या बाजूला २ मिलिमीटर, इथून सुरुवात करायची. त्याहून फार जवळ आणलंत तर अल्निकोचं (या पिकपांत वापरतात त्या मिश्रधातूचं) चुंबक तारेलाच ओढतं, सूर डळमळतो, एकाच स्वरात दोन स्वर भांडल्यासारखे ऐकू येतात. म्हणजे सजावटीला तुमच्याकडे जागा आहे एक मिलिमीटर, फार तर थोडी जास्त. कव्हरवर तीन मिलिमीटरचं करवंटीचं शिल्प बसवलंत तर तार त्यावरच आपटेल.

आणि हात जोडून एक सांगणं. जे काही कराल ते कव्हर काढून, कव्हरवर करा. कॉइल उघडी ठेवून तिच्याजवळ पटाशी, कानस, ब्रश, गोंद काहीही नेऊ नका. ती तार ०.०६ मिलिमीटरची असते, स्ट्रॅटच्या एका पिकपवर साडेसात-आठ हजार वेढे. एक वेढा तुटला की पिकप मेला. पुन्हा गुंडाळून मिळतो, पण गुंडाळणारा कोकणात शोधून दाखवा.

पावसाळ्याबद्दल नंतर लिहितो. गिऱ्हाईक आलंय.

---

काजूबोंडू | १३ एप्रिल

स्वानुभव: बहिणीच्या नेलपॉलिशने कव्हर रंगवलं होतं. पहिला हात सुंदर बसला. दुसऱ्या हाताला खालचं प्लास्टिक मऊ पडून सुरकुतलं. मग घाबरून नेलपॉलिश रिमूव्हरने पुसायला गेलो आणि कव्हरच बोटाला चिकटून आलं. सहा भोकांची चार झाली.

---

सोल्डरबुवा | १३ एप्रिल

@काजूबोंडू, रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन असतं आणि ही कव्हरं बहुधा एबीएस प्लास्टिकची. अ‍ॅसिटोनमध्ये एबीएस चक्क विरघळतं. रंगाच्या दुकानातल्या थिनरचंही तेच. पुसायला साधं स्पिरिट वापरा.

---

अलिबागहूनच_आलोय | १४ एप्रिल

माझं दुखणं वेगळं आहे, पण इथेच मांडतो. माझी गिटार दोन हंबकरवाली (हंबकर म्हणजे गुणगुण मारण्यासाठी दोन कॉइल जोडलेला पिकप). आमच्याकडे पितळेचं ठोकीव काम करणारे एक ओळखीचे काका आहेत. त्यांच्याकडून हंबकरसाठी दोन पितळी कव्हरं करून घेतली, वर वेलबुट्टी ठोकलेली. देवघरातल्या समईशेजारी ठेवलं तरी शोभेल असं काम! बसवली, अर्थला सोल्डर केली, आणि आवाज घोंगडं पांघरून बसला. सगळा चटकदारपणा गायब. कव्हर काढलं की परत येतो. पितळ तर चुंबकाला चिकटत नाही ना? मग हे कसं?

---

सोल्डरबुवा | १४ एप्रिल

चिकटत नाही, पण वीज उत्तम वाहून नेतं, तिथेच घोळ आहे. तार हलते तसं चुंबकीय क्षेत्र बदलतं. ते कॉइलमध्ये वीज निर्माण करतं तसं तुमच्या पितळी पत्र्यातही करतं. पत्र्यात गोल गोल फिरणारे भोवरे प्रवाह तयार होतात आणि ते वरच्या पट्टीची, म्हणजे आवाजातल्या उंच चटकदार भागाची, शक्ती खाऊन टाकतात. धातू जितका चांगला वाहक आणि पत्रा जितका जाड, तितकं जास्त खाणार.

यात गंमत बघा. हंबकर तयार केला गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी. १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला, पेटंट हातात आलं १९५९ ला. मधल्या काळात पिकपच्या खाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी लागायची, त्या चिठ्ठीवरून ते पिकप आजही ओळखले जातात आणि लाखांत विकले जातात. तर कव्हरला त्यांनी जर्मन सिल्व्हर घेतलं. नावात चांदी आहे, आत चांदीचा कणही नाही: तांबं, निकेल आणि जस्त. वीज वाहून नेण्यात अगदी मंद, म्हणूनच इथे गुणाचं. खरी चांदी लावली असती तर सगळ्यात वाईट, कारण चांदीइतका चांगला वाहक धातू दुसरा नाही.

तेव्हा काकांकडून तेच काम जर्मन सिल्व्हरच्या पातळ पत्र्यात करून घ्या. दागिन्यांचं काम करणाऱ्यांकडे पत्रा मिळतो. पितळी कव्हरं समईशेजारीच ठेवा.

---

आबोलीचा_गजरा | १४ एप्रिल

बुवा, एक शंका. डॅनइलेक्ट्रो गिटारचे पिकप पन्नासच्या दशकात खरोखरच्या लिपस्टिकच्या नळ्यांत बसवलेले असायचे. त्या नळ्याही पितळेच्याच, वर क्रोम. त्यांचा आवाज तर खणखणीत असतो. मग ते पितळ काही खात नाही का?

(गिटारच्या इतिहासात आमच्या पर्समधलं सामान आहे, याची नोंद सर्व पुरुष सभासदांनी घ्यावी.)

---

सोल्डरबुवा | १४ एप्रिल

नोंद घेतली. नळी खाते, पण त्या पिकपची कॉइल मुळातच उजळ आवाजाची, त्यामुळे खाऊनही उरतं. हंबकरकडे वरची पट्टी आधीच बेताची. श्रीमंताच्या घरी चोरी झाली तर कळत नाही, आमच्याकडे झाली तर चूल बंद.

---

चितारआळीतली | १६ एप्रिल

लाखेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझं माहेर सावंतवाडीचं, गंजिफा (हाताने रंगवलेले पारंपरिक गोल पत्ते) रंगवायला शिकले आहे.

माडाखालचा, खेळण्यांवरची लाख तुमच्या कामाची नाही. ती कातणीवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून, घर्षणाच्या उष्णतेने वितळवून चढवतात. गोल वस्तूवरच बसते. तुमचं कव्हर सपाट आणि प्लास्टिकचं, गरम केलंत तर वाकेल. गंजिफाची पद्धत मात्र जमेल. त्यात चिंचोक्याच्या खळीचा थर, वर रंग, आणि शेवटी लाखेचा हात. चिंचोक्याची खळ तुम्ही वापरू नका. प्लास्टिक धरत नाही आणि पावसात तिला बुरशी येते. झुरळं तर मेजवानी समजतात. रंग अ‍ॅक्रिलिकचे घ्या. वरून चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून सुती बोळ्याने पातळ पातळ हात द्या, सुतार फ्रेंच पॉलिश करतात तसे. पण तुम्ही विचारलेला पाऊस आणि तुमच्या हाताचा घाम, दोन्ही लाखेला सोसत नाहीत, पांढरी पडते. म्हणून लाखेवर अजून एक टिकाऊ थर लागेल.

चित्र काय काढणार? दशावतारी गंजिफात १० अवतारांचे १० संच, प्रत्येकात १२ पानं, एकूण १२० पानं असतात. प्रत्येक अवताराची खूण असते. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशू. तुमचे पिकप तीन. अजून काय पाहिजे?

---

शेवटचीएसटी | १६ एप्रिल

परदेशातले गिटारवाले गिटारला लाडाने कुऱ्हाड म्हणतात. परशुरामाच्या भूमीत परशूचा पिकप! ताई, दंडवत. हे झालंच पाहिजे.

---

माडाखालचा | १७ एप्रिल

ताई, मासा-कासव-परशू मनात घट्ट बसलंय. पण रात्री व्हर्निअर घेऊन बसलो तर जागेचा हिशोब असा निघाला: सहा पोलांची रांग ५२ मिलिमीटर, म्हणजे एका पोलपासून दुसऱ्याचं अंतर १०.४. पोलचं भोक जवळपास ५. दोन भोकांच्या मध्ये उरते जेमतेम साडेपाच मिलिमीटर जागा. मासा काढला तर त्याच्या पोटाला भोक पडतं.

---

चितारआळीतली | १७ एप्रिल

मग भोकालाच माशाचा डोळा करा की!

---

माडाखालचा | १७ एप्रिल

____/\____

---

बेंजोपार्टी | १९ एप्रिल

चिपळूणहून हजर. पंधरा वर्षं बेंजो वाजवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत तुम्ही जो ऐकता तो बेंजो म्हणजे कळा असलेलं बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानचं, ताइशोगोतो नावाचं वाद्य, १९१२ मध्ये नागोयात तयार झालेलं. त्यालाही पोलादी तारा आणि खाली गिटारसारखाच पिकप. गिटारवाले आम्हाला वाद्यातच धरत नाहीत, पण धक्क्यावर डीजेशेजारी उभं राहून ऐकू येतं ते आमचंच.

आमच्यात सजावट नवी नाही. बेंजोच्या फळीवर आरसे, झिरमिळ्या, झगमगते स्टिकर, सगळं चालतं. पिकपवर मात्र कोणी हात लावत नाही, कारण मिरवणुकीत पाऊस असतोच. मी एकदा पिकपवर मिठाईवरचा चांदीचा वर्ख लावला होता, देवाच्या मूर्तीला लावतात तसा. दिसायला झक्कास. पण बोट लागलं की स्पीकरमधून घुर्र.

---

सोल्डरबुवा | १९ एप्रिल

वर्ख इतका पातळ असतो की भोवरे प्रवाहांचा प्रश्न नाही, आवाज शाबूत राहतो. पण तो धातूच, आणि अर्थला जोडलेला नाही. तुमचं बोट लागलं की अंगातून गोळा झालेली घरातल्या विजेची गुणगुण थेट कॉइलशेजारी पोचते. वर्खावर वॉर्निशचे थर दिल्याने थोडा फरक पडेल. खरा उपाय म्हणजे बारीक तार सोल्डर करून अर्थला नेणं, आणि वर्खाला सोल्डर होत नाही. तांब्याची चिकटपट्टी असती तर झालं असतं.

सोनेरी झळाळी हवीच असेल तर जुने 'गोल्ड फॉइल' पिकप बघा. साठच्या दशकात जपानच्या टाइस्को आणि अमेरिकेच्या डीआर्मंडने काढलेले. वरच्या जाळीतून आतला सोनेरी कागद चमकतो. लोक म्हणतात सोन्यामुळे आवाज गोड आहे. सोनं शोभेचं. आवाज आतल्या चुंबकाचा आणि कॉइलचा.

---

माडाखालचा | ४ मे

मंडळी, एक पराक्रम झाला आहे. शिव्या घालायच्या तर घाला, पण पूर्ण वाचून मग.

गेल्या आठवड्यात कामासाठी रत्नागिरीला गेलो होतो. मांडवीला काळ्या वाळूत पाय बुडवून बसलो आणि डोक्यात किडा आला. एका पिकपवर ही काळी चमकदार वाळू एपॉक्सीत बसवली तर? रात्रीच्या समुद्रासारखं दिसेल. मूठभर वाळू पिशवीत घेतली. घरी येऊन गोड्या पाण्यात चार वेळा धुतली, मीठ काढलं, वाळवली. इथपर्यंत मी शहाणा.

कव्हर काढून काम करा असं बुवांनी ठळक अक्षरात लिहिलं होतं. पण मला वाटलं, भोकं एपॉक्सीने भरू नयेत म्हणून कव्हर पिकपवर बसवूनच ओतू, म्हणजे पोलच बूच होतील. एपॉक्सीत वाळू कालवली, ओतली आणि चहाला गेलो.

परत येऊन बघतो तर वाळू चालायला लागली होती. खरंच! कव्हरभर सारखी पसरलेली वाळू सरकत सरकत सहा पोलांवर गोळा झाली होती आणि प्रत्येक पोलवर काटे उभारलेलं साळिंदर. मधली जागा काचेसारखी स्वच्छ. काडीने परत पसरवली की परत जमा. तासाभरात एपॉक्सी बसायला लागलं आणि ती सहा साळिंदरं तशीच दगड झाली.

कव्हर ओढून काढलं. फुटलं, त्याचं काही नाही. पण वाळूचे कण आत पोलांच्या कडेला जाऊन चिकटले आहेत. ब्रशने हलत नाहीत, फुंकून हलत नाहीत. बुवा, काय करू?

---

खाजणातलो | ४ मे

अरे बाबा, लोहचुंबकावर वाळू ओतलंस आणि वाळू चलाक लागली म्हणतंस! तेका चलाकच व्हया.

वायच गंभीर लिहितंय. शाळेत भूगोल शिकवतंय म्हणान माका ह्या ठाऊक. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असता, लोखंड आणि टायटॅनियमचा ऑक्साइड, आणि त्यातच मॅग्नेटाइट. सह्याद्रीचो काळो दगड झिजान नदीतसून समुद्रात येता आणि लाटो हलकी वाळू व्हावन नेतत, जड काळी थंय रवता. इल्मेनाइट लोहचुंबकाक जेमतेम वळता, पण मॅग्नेटाइट धावत जाता. पोरांका मी हीच गंमत दाखवतंय, कागदावर वाळू आणि खालसून लोहचुंबक. तुया तां पिकपवर केलंस.

---

सोल्डरबुवा | ४ मे

चलाकच व्हया. :)

हसून झालं. आता ऐका. ब्रश अजिबात नको, कण कॉइलवर घासले तर तारेचा मुलामा खरवडेल. चिकटपट्टी घ्या, बोटाभोवती उलटी गुंडाळा, पोलच्या माथ्यावर टेकवा आणि सरळ वर उचला. पुन्हा नवा तुकडा. कंटाळा येईल, पण निघतात. कडेच्या कणांना भित्तिचित्रं चिकटवायची रबरासारखी लगदी मिळते, तिची टोकदार सुई करून टेकवा. कण राहिले तर पावसात गंजतील आणि पोलभोवती लाल कडी पडेल.

आणि ते वाळूचं कव्हर अख्खं बसलं असतं तरी मी नको म्हटलं असतं. तार आणि पोल यांच्यामध्ये लोहचुंबकी चूर म्हणजे चुंबकीय क्षेत्राची वाटच बदलणार.

---

माडाखालचा | ६ मे

दोन रात्री आणि पाऊण रीळ चिकटपट्टी. निघाली. मल्टिमीटर लावला, ६.१ किलोओहम. पिकप जिवंत आहे.

---

अलिबागहूनच_आलोय | ६ मे

अभिनंदन. वाळूचं फुटकं कव्हर टाकू नका, शाळेला द्या.

---

माडाखालचा | २८ मे

करवंटी आणि शिनाणे यांचा अहवाल.

करवंटीला गोलाई असते हे मला आयुष्यभर माहीत होतं, तरी मोठा तुकडा सपाट होईल अशी आशा होती. नाही होत. आठ-दहा मिलिमीटरचे चौकोनी तुकडे कापले तरच मागची बाजू घासून सपाट बसते. हॅक्सॉने कापले, पाठ घासली, एपॉक्सीने एका कव्हरवर फरशीसारखे बसवले, मग वरून १२० च्या पेपरपासून सुरू करून ६०० पर्यंत आलो. शेवटी जाडी एक मिलिमीटरच्या आत आणली. धूळ एवढी उडते की घरातल्या मसाल्याच्या डब्यांना सुद्धा करवंटीचा वास लागला. मास्क लावा. खोबरेल तेलाचा एक थेंब चोळल्यावर जो काळपट तांबडा रंग आला ना, त्यासाठी सगळं माफ. (तेल सगळ्यात शेवटी. मी एका कोपऱ्याला आधी लावलं, तिथला तुकडा सुटला.)

शिनाण्यांची आतली बाजू तशी सुंदर, पण पातळ आणि वाकडी. घासली की ज्या चकाकीसाठी घासतोय तीच पहिली जाते. म्हणून पाठीमागून घासायची, तेही पाण्यात बुडवलेल्या वॉटर पेपरवर, कारण शिंपल्याची सुकी धूळ छातीला वाईट. तीन-चार मिलिमीटरच्या वर तुकडा टिकला नाही. चाळीस शिनाण्यांतून निम्मं कव्हर झालं. शिनाण्यांचं सुकं मात्र चार दिवस झालं, घरचे खूश.

---

खाजणातलो | २८ मे

शिंपले खावन उरलेले वापरतंस तां बरा. पण खयचोय शंख-शिंपलो दिसलो म्हणान उचलू नको. काही जातींका १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा संरक्षण असा.

---

चितारआळीतली | २९ मे

शिंपल्यापेक्षा अंड्याचं कवच वापरून बघा. व्हिएतनाम आणि जपानमध्ये लाखकामात अंड्याची कवचं बसवतात. जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, गोलाईचा त्रास नाही, कारण चिकटवल्यावर दाबलं की स्वतःच तडकून सपाट होतं. त्या तडांचीच नक्षी. काळ्या रंगावर पांढरं कवच, आणि तडांत काळी लाख. आतला पापुद्रा मात्र पूर्ण सोलून काढा.

---

काजूबोंडू | २९ मे

पापुद्रा पटकन निघावा म्हणून कवचं व्हिनेगरमध्ये ठेवली. सकाळी फक्त पापुद्रा होता.

---

शेवटचीएसटी | २९ मे

काजूबोंडू, तुम्ही या धाग्याचे खरे शास्त्रज्ञ आहात.

---

सोल्डरबुवा | ११ जून

पाऊस लागला. पावसाळ्याबद्दल लिहायचं राहिलं होतं.

एक, दमट हवेत एपॉक्सी सुकवलंत तर वर तेलकट साय येते. त्यावर दुसरा थर धरत नाही. घाबरू नका, ती पाण्यात विरघळते. साबणाच्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने धुवा, सुकवा, हलका पेपर मारा, मग पुढचा थर. दोन, लाख किंवा लॅकर पावसात मारलंत तर पांढुरकं धुकं धरतं. थांबा. तीन, बऱ्याच पिकपांची कॉइल मेणात बुडवलेली असते, ते मेण कव्हरच्या आतून आणि कडांवर येतं. मेणावर काहीच चिकटत नाही. चिकटवण्याआधी कव्हर स्पिरिटने पुसा, मेणाचा पट्टा दिसला तर नखाने खरवडा. गरम पाण्यात बुडवायचं असेल तर कव्हर एकटं. मेण साठ-पासष्ट अंशांवर वितळतं, कॉइल बरोबर गेली तर तिच्यातलंही वितळेल.

चौथं, किनाऱ्यावरच्या सगळ्यांसाठी. खारी हवा कव्हरला काही करत नाही, पिकपच्या दोन स्क्रूंना आणि त्यांच्या स्प्रिंगना खाते. सजावटीच्या नादात ते बघितले जात नाहीत आणि ऑगस्टमध्ये उंची बदलायला गेलं की स्क्रूचं डोकं हातात येतं. उघडलंच आहे तर स्टेनलेसचे घाला.

---

माडाखालचा | १९ जुलै

झालं. म्हणजे माझ्यापुरतं झालं.

पुलाच्या (तारा टेकतात त्या ब्रिजच्या) बाजूचा पिकप: करवंटी. मधला: काळ्यावर अंड्याचं कवच, कडेला शिनाण्यांची निळी रेघ. मानेकडचा: ताईंनी सांगितलेली चित्रं, तीनही एकाच कव्हरवर, कारण बाकी दोन कव्हरं आधीच भरली होती. माशाचा डोळा पहिल्या भोकाचा. कासवाच्या पाठीतून तिसरा पोल डोकावतो. परशूचा दांडा पाचव्या आणि सहाव्याच्या मधून गेलाय आणि तो थोडा वाकडा आहे. ताई, रागावू नका.

लाखेचे सहा हात दिले, दोनदा पांढरी पडली, दोनदा स्पिरिटचा बोळा फिरवून साफ झाली. शेवटी पंधरा वॅटचा बल्ब असलेल्या कपाटात आठ दिवस ठेवली तेव्हा बसली. वरून पातळ दोन थर पाण्याच्या पॉलियुरेथेनचे.

आवाज: आधी आणि नंतर तोच तुकडा रेकॉर्ड केला. ग्रुपमधल्या तिघांना न सांगता ऐकवला. दोघांना फरक कळला नाही. तिसरा म्हणाला नवा जास्त मोकळा वाटतो, पण तो जुना होता.

उंची पोलपासून मोजून आधीचीच ठेवली. फक्त करवंटीचा माथा आता पोलच्या वर उठलाय, त्यामुळे जोरात वाजवलं की प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) करवंटीवर टक् टक् वाजतो. माइकमध्ये नाही येत, मलाच ऐकू येतो. ते राहू देतोय.

---

चितारआळीतली | १९ जुलै

परशू वाकडा नाही, मारलेला दिसतोय. छान झालंय. पुढच्या वेळी मासा डावीकडे तोंड करून काढा, तारेच्या प्रवाहाविरुद्ध.

---

अलिबागहूनच_आलोय | २० जुलै

जर्मन सिल्व्हरची कव्हरं आली. वेलबुट्टी तीच, पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. घोंगडं गेलं. काकांनी विचारलं हे कशाचं आहे, म्हटलं देवाचं आहे, म्हणजे पैसे कमी घेतील. घेतले नाहीत.

---

बेंजोपार्टी | २० जुलै

माडाखालचा दादा, अंड्याच्या कवचाचं बेंजोच्या पिकपवर करून द्याल का? पिकप काढून कुरियर करतो. मापं सोबत पाठवतो. गणपतीआधी मिळालं तर सोन्याहून पिवळं.

---

माडाखालचा | २० जुलै

पिकप पाठवू नका, फक्त कव्हर पाठवा (बुवांचा नियम, आता माझाही). गणपतीआधी नाही होणार. लाख सुकत नाही हो या हवेत. नवरात्रात देतो.

---

बेंजोपार्टी | २० जुलै

नवरात्रात गरब्याच्या सुपाऱ्या आहेत, चालेल. मासा नको, उंदीर काढा.